प्रयोग क्रमांक सहा

आमच्या कॉलेजचं नाव मी सांगत नाही. अमरावतीत हाये, एवढं पुरे. बाहेरून सगळ्या काचा, गेटवर सिक्युरिटीवाला, अन् तिसऱ्या मजल्यावर 'ऑटोमेशन लॅब' अशी मोठ्ठी पाटी. त्या लॅबमधे एक पीएलसी हाये. आमी विद्यार्थी अडतीस अन् पीएलसी एक, अन् तेबी काचेच्या अलमारीत, अंगावर कंपनीचं प्लास्टिक तसंच गुंडाळेल. अलमारीची चाबी लॅब सांभाळनाऱ्या खुशालरावच्या करदोड्याले. आमी अलमारीजोळ गेलो का तो म्हने, "पोरीहो, हात नका लावू, वारंटी जाते." वारंटी संपून सहा वर्षं झाले होते. काचेतून लेबल वाचता येते, आंधळी नाही मी.

वर्षातून दोनदा ते प्लास्टिक निघे. एक, कमिटी तपासाले आली का, अन् दुसरं, खंडेनवमीले. खंडेनवमीले त्याले हळद-कुकू लावत, झेंडूचं फूल ठेवत, सगळे हात जोडत, अन् पुन्हा अलमारीत. तीन वर्षात मी त्या पीएलसीले तीनदा नमस्कार केला अन् एकदाबी त्याचं बटन दाबलं नाही. देव्हाऱ्यातल्या देवाले तरी आपन रोज आंघोळ घालतो बाप्पा!

पीएलसी म्हंजे काय, हे ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. कारखान्यातल्या मशीनचं ते डोकं. कोनती मोटर कधी चालू कराची, कधी बंद कराची, हे ते डबडं ठरवते. बटनाच्या तारा त्याले जोडाच्या, अन् शिडीसारखी आकृती काढून त्याले सांगाचं का बाबा, असं झालं त तसं कर. हे हातानं केल्याशिवाय येत नाही. कागदावर पाहून कोनी पोहाले शिकलं काय?

पन आमी कागदावरच शिकलो. त्या कागदाले आमी फाईल म्हनतो. बारा प्रयोग, डाव्या पानावर आकृती, उजव्या पानावर निष्कर्ष, खाली सरची सही. मागच्या वर्षीच्या पोट्ट्यायची फाईल आनाची अन् उतरवाची. त्यायनं त्यायच्या मागच्यायची उतरवेल असते, त्यायनं त्यायच्या मागच्यायची. कधीकाळी कोन्या पोट्ट्याची पट्टी सरकली असन अन् प्रयोग चारमधली एक रेघ वाकडी झाली असन. ते रेघ आमच्या अडतीसच्या अडतीस फाईलमधे वाकडी होती, अन् तेवढीच वाकडी. मीबी उतरवली. खोटं काहून बोलू? एक ते पाच प्रयोग मी माह्या रूममधल्या प्रतीक्षाच्या फाईलवरून उतरवले. प्रतीक्षा तिवस्याची, अक्षर मोत्यावानी, अन् सर म्हनतीन ते ब्रह्मवाक्य.

प्रयोग क्रमांक सहावर मी अडली. कारन त्याच्या आधी माहं सहा आठवड्याचं ट्रेनिंग झालं होतं, आमच्या अकोटच्या जिनिंगमधे.

त्या जिनिंगमधे माही आई, रुख्मिणी, हंगामभर कामाले जाते. घरची वांग्या-मिरचीची वाडी बाबा पाहतात, अन् आई कापसाच्या पट्ट्यावर उभी राहते. पट्टा म्हंजे सरकत जानारा लांब रबरी पट्टा, त्याच्यावरून कापूस पुढे सरकी काढनाऱ्या मशीनकडे, रेच्याकडे जाते. दोन्ही बाजूनं बाया उभ्या राहून त्याच्यातली काडी, पाला, सुतळीचे तुकडे येचतात. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, म्हनजे पदर अडकत नाही. पन बाही अडकते. दोन वर्षाआधी माणिकबाईची बाही पट्ट्याच्या टोकाच्या रोलरमधे गेली. बाहीमागं हात गेला. आई तिच्या बाजूले होती, आईनं खांबावरचं लाल बटन दाबलं, पट्टा जागच्या जागी उभा राह्यला. माणिकबाईचा हात कोपरापर्यंत काळानिळा झाला, पन हातच राह्यला. आजबी ती त्या हातानं भाकरी थापते.

ते लाल बटन कसं जोडेल होतं, हे मले जिनिंगच्या वायरमननं, सहदेवकाकानं दाखवलं. सहदेवकाका सातवी नापास. ट्रेनिंगच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं मले विचारलं, "सांग, हे लाल बटन कायले?"

"मशीन बंद कराले."

"अन् बटनाची तारच तुटली असन त?"

"त... नाही होनार बंद."

"मंग त्या बटनाले कुकू लाव अन् आरती कर त्याची."

मले हसू आलं. काका हासला नाही. त्यानं पट्टा रिकामा चालू केला, पॅनलचं दार उघडलं, अन् लाल बटनाची तार पकडीनं सरळ कापून टाकली. मले वाटलं, आता काय हा पट्टा थांबत नाही. पन पट्टा थांबला. तार कापल्याबरोबर.

"पाह्यलं?" काका म्हने. "ते तार जोडेल हाये तवरच मशीन चालते. बटन दाबलं, तार तुटली, उंदरानं खाल्ली, काईबी होऊ दे, मशीन उभी. जिनिंग म्हटली का सरकी आली, सरकी आली का उंदीर आले, उंदीर आले का तार साबूत राहत नाही. तार गेली हे तुले त्या दिवशीच समजलं पाह्यजे. बाई अडकल्यावर समजून काय करतं?"

हे मले तीन वर्षात कोन्या सरनं सांगतलं नव्हतं. मी परत अमरावतीले आली, प्रतीक्षाची फाईल उघडली, प्रयोग क्रमांक सहा काढला: मोटर चालू कराची, बंद कराची, अन् इमर्जन्सीचं लाल बटन. पाहते त काय, सगळं उलटं! त्या आकृतीत लाल बटनाची तार एरवी मोकळी असे, अन् बटन दाबलं का जुळे. म्हंजे सगळं नीट असलं त बटन दाबल्यावर मशीन थांबनार, कोनाले काई शंका येनार नाही. पन एक दिवस ते तार उंदरानं खाल्ली का खेळ खलास. मशीन चालत राहीन, कोनाले समजनार नाही, अन् ज्या दिवशी कोनाची बाही अडकन त्या दिवशी त्या बटनाले दगडानं ठेचा, काई होनार नाही.

मी आकृती सुलटी काढली. खाली चार ओळीत कारनबी लिहिलं. अन् फाईल किशोर सरच्या टेबलावर ठेवली. किशोर सर आमचे विभागप्रमुख, त्यायच्या सहीशिवाय टर्म मिळत नाही अन् परीक्षेले बसता येत नाही.

सरनं पानं पलटवले. सही, सही, सही. सहाव्यावर थांबले.

"हे काय काढलं?"

"सर, बटनाची जोडनी सुलटी केली. फाईलमधली धोक्याची हाये."

"धोक्याची?" सरनं चष्मा काढला. "बावीस वर्षापासून ही फाईल चालून राहिली. लॅबमधे हे पीएलसीचं किट आलं त्याच्या आधीपासून. अन् धोका तुले आज दिसला?"

"सर, पाच मिनिटं अलमारी उघडा. मी फाईलमधल्यावानी जोडून तार काढून दाखवते. मोटर थांबली त तुमी सांगान ते लिहीन."

"किट कमिटीसाठी हाये."

"मंग आमच्यासाठी काय हाये, सर?"

मांगं उभे असलेले पोट्टे एकमेकायकडं पाहाले लागले. सरचं तोंड लाल झालं. "कोनी शिकवलं हे तुले?"

"आमच्या अकोटच्या जिनिंगमधल्या वायरमननं."

आता मात्र सगळे हासले. प्रतीक्षाबी हासली, तोंडावर हात ठेवून. सरनं लाल पेन घेतला, माह्या पानावर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली, अन् फाईल माह्याकडं सरकवली. "मंग सहीबी त्या वायरमनचीच घे."

तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. मी सरच्या डोळ्यात पाह्यलं अन् मले एक गोष्ट समजली. या मानसानं ते प्लास्टिक स्वतःबी कधी काढलं नव्हतं. यालेच माहीत नव्हतं! चुकीचं शिकवत होता असंबी नाही, तो काईच शिकवत नव्हता. त्यानंबी कोनाचीतरी फाईल उतरवूनच डिग्री घेतली असन. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, अन् जातं कोनाचं त विद्यापीठाचं.

रूमवर प्रतीक्षा म्हने, "दामिनी, एक पान हाये व. फाड अन् नवीन लिही. दहा मिनिटाचं काम."

"तुले समजते का ते उलटं हाये?"

"मले सही समजते," ती म्हने.

मी नाही लिहिलं. आठ दिवस सरच्या केबिनबाहेर उभी राह्यली. प्राचार्याकडं गेली, ते म्हने, विभागाचा विषय हाये. शेवटी नोटीस बोर्डावर एकच नाव लागलं, टर्म नामंजूर, अन् ते माहं. सदतीस पोट्टे परीक्षेले बसले अन् मी हॉस्टेलच्या गॅलरीत बसली.

हे झालं तवर ठीक होतं. वर्ष माहं गेलं, मी भोगलं असतं. पन मे महिन्यात अकोल्याचा एक पॅनल बनवनारा ठेकेदार कॉलेजात आला. त्याले एक डिप्लोमावाला पाह्यजे होता. काम कुठचं? अकोटच्या जिनिंगचं. आमच्याच! शेठ जुनं पॅनल काढून पीएलसी बसवनार होते. मी धावत गेली. म्हटलं, सर, ते जिनिंग मले तोंडपाठ हाये, तो पट्टा मले तोंडपाठ हाये. ठेकेदार चांगला मानूस, त्यानं किशोर सरकडं पाह्यलं. किशोर सर म्हने, "हिची टर्म नाही."

पियुषले घेतलं. पियुष तेल्हाऱ्याचा, वर्गात पह्यला, त्याची फाईल एवढी सुंदर का सर कमिटीले दाखवत. पोट्टा वाईट नव्हता, तेच त दुःख हाये. वाईट असता त मले नीट शिव्या तरी देता आल्या असत्या.

मी घरी आली. आई वाडीत वांगे तोडून राहिली होती. मी तिले सगळं सांगतलं: फाईल, फुली, टर्म, ठेकेदार, पियुष. मले वाटलं, आई म्हनन, शाबास माही वाघीन. आईनं टोपलं खाली ठेवलं.

"ते पान तुले माहीत होतं न चूक हाये म्हनून?"

"हव."

"मंग लिहून काहून नाही देलं?"

"आई, चूक हाये ते!"

"अवं पन तुले माहीत होतं!" आई ओरडली. आई कधी ओरडत नाही. "लिहून द्याचं, सही घ्याची, नोकरी घ्याची, अन् इथी येऊन नीट जोडाचं. आता बरोबर पान तुयाजोळ हाये अन् पट्टा त्या पोट्ट्याजोळ गेला. मी काय तुया पानावर उभी राहते काय?"

मी घरात गेली अन् रडली, रागानं. सरचा राग, पियुषचा राग, अन् सगळ्यात जास्त माहा स्वतःचा. खरं बोलाच्या नादात मी माह्या आईचा हात दुसऱ्याच्या भरवशावर देऊन बसली होती.

मंग मी गप राह्यली नाही. पियुषले फोन केला. तो म्हने, "तू अजून त्याच्यातच अडकून हायेस काय?" मी त्याले आकृतीचा फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला, फक्त अंगठा. मी शेठकडं गेली. शेठ गादीवर बसून चहा पेऊन राहिले होते. म्हने, "बाई, पोट्ट्यानं माह्यासमोर बटन दाबलं, मशीन थांबली. अजून काय पाह्यजे तुले?"

"शेठ, तार काढून पाहा फक्त."

"नवीन मशीनची तार काहून काढू? नवीन सुनेचे हातपाय मोडून पाहते का कोनी?"

सहदेवकाकाले शेठनं हंगामाआधीच सुट्टी देली होती. कॉम्प्युटरचं काम आता, तुमाले जमनार नाही, म्हने. मी काकाच्या घरी गेली त तो म्हने, "म्या सांगतलं शेठले. एकदा सांगतलं, दोनदा सांगतलं. सातवी नापासाचं कोन ऐकते?"

हंगामाचा मुहूर्त दसऱ्यानंतर चार दिवसांनी निघाला. कापसाची पह्यली गाडी आली, बैलायच्या शिंगाले फुलं, गाडीची पूजा झाली. जिनिंगमधे पट्ट्याच्या लोखंडी चौकटीले झेंडूची लांब माळ बांधेल होती, पॅनलचं दार फोटोसाठी उघडं ठेवेल होतं, अन् पॅनलच्या बाजूले पियुष, नवीन शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात लॅपटॉप. बाया एका बाजूले रांगेत उभ्या होत्या, शर्ट घालून. आई त्यायच्यात होती, माणिकबाईच्या बाजूले, अन् आईच्या मांगं मी. सहदेवकाकाले शेठनं मानानं बोलावलं होतं, तो दाराजोळ पाहुन्यावानी उभा होता, मेन स्विचच्या खाली.

शेठनं नारळ फोडला. पियुषनं हिरवं बटन दाबलं, पट्टा सुरू झाला. लाल दाबलं, थांबला. टाळ्या वाजल्या. पुन्हा हिरवं. पट्ट्यावर पह्यला कापूस पडला, पांढराशिप्पट.

"चला बायाहो, लागा कामाले," शेठ म्हने.

बाया पुढं निघाल्या. माहे पाय आपोआप पॅनलकडं गेले. कोनाले काई समजाच्या आत मी दारातून हात घातला, लाल बटनाच्या तारेचा नंबर पाह्यला, पॅनलात ठेवेल पेचकसनं स्क्रू ढिला केला अन् तार ओढून काढली. चोवीस व्होल्टची तार, चिमटाबी लागत नाही. पट्टा चालतच होता.

"पियुष," मी म्हटलं, "थांबव आता."

"हे काय केलं तू?"

"थांबव! लाल बटन दाब! आई, थांब तिथीच, पुढं येऊ नको!"

पियुषनं लाल बटन दाबलं. पट्टा चालत राह्यला. त्यानं पुन्हा दाबलं. मंग तळहातानं मारलं, मंग मुठीनं. कापूस सरकत होता. चौकटीवरची झेंडूची माळ एका बाजूनं सुटली, पट्ट्यावर पडली, टोकापर्यंत गेली अन् रोलरमधे ओढल्या गेली. बघता बघता पूर्ण माळ आत. रोलरखालून पिवळा भुसा पडाले लागला. बायायमधून कोनीतरी "अगं माय" म्हटलं. माणिकबाई खाली बसली, आपला उजवा हात डाव्या हातानं धरून.

सहदेवकाकानं मेन स्विच खाली ओढला.

जिनिंग एवढी शांत मी कधी ऐकली नव्हती. शेठ माह्यावर धावून आले. "मशीन बिघडवली! पोलिसात देतो तुले! कोनी घेतलं हिले आत?"

"शेठ," सहदेवकाका दारातून म्हने, "तिनं एक तार काढली. उंदीर हेच काम करीन, पन आधी टाळी वाजवून सांगनार नाही."

शेठ रोलरखालच्या भुशाकडं पाहाले लागले.

मी पियुषकडं वळली. माह्या मनात त्याले मारतच होती मी. तो पांढराफटक उभा होता, बटनावर हात तसाच. "पन," तो म्हने, "फाईलमधे असंच होतं न. सरनं सही केली होती. दहापैकी दहा भेटले होते मले."

"दहापैकी दहा!" मी ओरडली. "बयाड! भैताड! पाच महिन्यापासून तुले सांगून राहिली! अंगठा पाठवतं मले? अंगठा?"

"दामिनी." आई बायायच्या रांगेतून पुढं आली. तिनं पियुषचं मनगट धरलं, लहान पोट्ट्याले धरतात तसं, अन् त्याले पट्ट्याच्या टोकाले घेऊन गेली. त्याचा हात रोलरवर ठेवला. रोलरवर झेंडूचा चिकट रस होता. त्यानं हात ओढून घेतला. आईनं पुन्हा ठेवला.

"उद्या सकाळी आठ वाजता मी इथी उभी राहीन," आई म्हने. "तू आज हे नीट कर. अन् दामिनी, तू सांग याले. ओरडू नको, सांग."

ओरडू नको म्हने. दात आवळून सांगतलं मी. बटनाच्या मांगचा भाग बदलाचा, म्हनजे तार कायम जोडेल राहीन. लॅपटॉपवरच्या शिडीत एक खूण बदलाची. मी कशालेच हात लावला नाही, सगळं त्याच्याच हातानं करवलं. स्क्रू फिरवताना तो घडीघडी माह्या आईकडं पाहे. त्याचीबी आई असन तेल्हाऱ्याले कुठंतरी, मले वाटलं, पन दया नाही आली. वीस मिनिटात झालं. तीन वर्षात कॉलेजनं जे शिकवलं नाही ते वीस मिनिटाचं होतं! मेन चालू केला, पट्टा चालू केला, मी म्हटलं, तार काढ. त्यानं काढली. पट्टा उभा राह्यला. कोनी टाळी वाजवली नाही. आई आपल्या जागेवर जाऊन उभी राह्यली अन् शर्टाच्या बाह्या वर गुंडाळाले लागली.

पियुष बाहेर येऊन कापसाच्या ढिगाजोळ बसला. मी त्याच्यासमोर उभी राह्यली. राग उतरला नव्हता, पन आता तो एकट्या पियुषवर राहिला नव्हता.

"तुही फाईल कोनी कोनी उतरवली?"

"सगळ्यायनंच उतरवली."

"अन् या वर्षीच्या पोट्ट्यायनं?"

तो खाली पाहाले लागला. "कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याजोळ ठेवेल हाये. सरनंच ठेवाले सांगतलं. नमुना फाईल म्हनून."

मी त्याले एकेकाचं नाव घेऊन विचारलं, कोन कुठी लागलं. कोनी सूतगिरनीत, कोनी तेलाच्या घानीवर, कोनी स्टोन क्रशरवर. प्रतीक्षा अकोल्याले एमआयडीसीत, दालमिलायचे पॅनल जोडते. मी तिथीच उभ्या उभ्या तिले फोन लावला. मांगून मशीनचा आवाज येत होता, तिले ओरडून बोलावं लागत होतं.

"किती पॅनल जोडले व तू आतापर्यंत?"

"अकरा! काहून?"

"लाल बटन कसं जोडलं?"

"फाईलमधे हाये तसं."

मी तिले सगळं सांगतलं. जिनिंग, तार, रोलर, माळ. एकदा सांगतलं, पुन्हा सांगतलं. म्हटलं, प्रतीक्षा, आजच्या आज अकराच्या अकरा ठिकानी जा, मशीन रिकामी चालव, एक तार काढ अन् पाहा. मी येते तुयासंगं, आता निघते, दोनची एसटी हाये.

मांगं दालमिल चालूच होती, कोन्यातरी बाईचा हासन्याचा आवाज आला.

"थांब," प्रतीक्षा म्हने, "मी आधी सरले विचारते." अन् तिनं फोन ठेवला.